तिथी ठरलेले पाहुणे

साशंक : तू सगळ्यांना फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, 'लक्षद्वीप पाहिलं'. मी त्या 'पाहिलं'पाशी अडखळलो. कोचीहून जहाज निघालं. रात्री जहाजावर झोपायचं, सकाळी होडीतून बेटावर उतरायचं, दुपारी चारला परत जहाजावर. एक दिवस कवरत्ती, एक कल्पेनी, एक मिनिकॉय. प्रत्येकी सहा-सात तास. त्यातला तासभर होडीत चढण्या-उतरण्यात गेला, दीड तास जेवणात, तासभर ओले कपडे बदलण्यात. उरलेल्या वेळात आपण आठ जणांनी एकमेकांचे फोटो काढले. माझ्या मोबाइलमध्ये कल्पेनीचे बासष्ट फोटो आहेत, त्यांत कल्पेनीचा एकही माणूस नाही. आहे तो आपला ग्रूप, मागे निळं पाणी आणि एका बाजूला नारळ. छत्तीस बेटांपैकी माणसं राहतात ती दहा. त्यांतल्या तिघांच्या किनाऱ्यावर आपण दुपारभर बसलो. एखाद्याच्या अंगणातल्या झोपाळ्यावर चार झोके घ्यावेत आणि घरी येऊन सांगावं की त्यांचं घर पाहिलं, तसं वाटतं मला हे.

हौशी : झोपाळ्यावर बसू दिलं, हे काय कमी झालं? माझं आजोळ गुहागरचं. त्या घरात आल्यागेल्याला ओटीवर बसवायचे, गूळपाणी द्यायचे, पिकापाण्याच्या चार गोष्टी व्हायच्या. माजघरात कुणी नेत नसे आणि त्याचा कुणाला राग येत नसे. माजघर पाहायचं तर सोयरीक व्हावी लागते, नाहीतर संकट यावं लागतं. लक्षद्वीपनंही तेच केलंय. १९६७च्या नियमांपासून परवान्याशिवाय तिथे बाहेरच्याला पाऊल टाकता येत नाही. आपल्याला ओटीवर बसवलं, शहाळं दिलं, चारला निरोप दिला. माजघर पाहण्याचा हट्ट माझा नाही. उलट जो आठ दिवस राहून 'मी त्यांच्यातलाच झालो' असं सांगत फिरतो, त्याची मला जास्त भीती वाटते. सहा तासांत निदान तो भ्रम तरी होत नाही.

साशंक : ओटीवर यजमान शेजारी बसतो, तू ते विसरलीस. आपल्याशेजारी कोण बसलं? धक्क्यावर शहाळं, मग नाच, मग काचेच्या तळाची बोट, मग जेवण, मग पुन्हा पाण्यात. मिनिकॉयला रंगीत कपड्यांतल्या पुरुषांनी ढोल घेऊन लावा नाच केला. चांगला केला. पण आपण उशिरा उतरलो म्हणून तो आवरता घेतला, कारण पुढे जेवणाची पंगत होती. आपल्याकडे पाहुण्याला अतिथी म्हणतात, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. न सांगता दारात उभा राहतो म्हणून तर त्याचं माहात्म्य. आपली तिथी ठरलेली होती, वेळ ठरलेली होती, ताटंसुद्धा मोजलेली होती. अतिथीची तयारी करता येत नाही, म्हणून त्याला घर जसं असेल तसं दिसतं. आपल्याला तयारी दिसली.

हौशी : अतिथी पुराणात शोभतो. ज्या घरात पाणी मोजून मिळतं, तिथे न सांगता आलेला पाहुणा ही आपत्ती असते. कवरत्ती सव्वाचार चौरस किलोमीटरचंही नाही, आणि माणसं अकरा हजारांच्या वर. नदी नाही, ओढा नाही. वाळूच्या खाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आमटीवर तुपाचा थर तरंगावा तसं. जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं आणि विहीर नासते. म्हणून २००५ साली तिथे समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प उभा राहिला. वरच्या कोमट पाण्याची कमी दाबात वाफ करायची आणि साडेतीनशे मीटर खालून आणलेल्या गार पाण्यानं ती वाफ थंड करायची. दिवसाला एक लाख लिटर. मोठा आकडा वाटतो ना? अकरा हजारांत वाट, माणशी नऊ लिटर येतात. आपली अंघोळीची बादलीही भरत नाही तेवढ्यात. आता मला सांग, त्या बेटावर आपण हॉटेलात चार दिवस राहिलो असतो, समुद्रातून आल्यावर दोन-दोनदा अंघोळ केली असती, चादरी धुवायला टाकल्या असत्या, तर ते जास्त सभ्य झालं असतं? आपला बिछाना, आपलं पाणी, आपला संडास जहाजाबरोबर आला आणि जहाजाबरोबर गेला. तुला जी उथळ भेट वाटते, ती बेटाला हलकी पडली. तिथी ठरलेला पाहुणाच या घराला परवडतो.

साशंक : पाण्याचा मुद्दा मान्य. मला तो आधी सुचायला हवा होता. पण जहाजानं भार वाहिला म्हणजे नेमकं काय झालं, तेही पाहू. शुद्ध न केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडे, चालत्या जहाजातून सोडायला आंतरराष्ट्रीय नियमांचीच मुभा आहे. आपलं जहाज काय करत होतं ते मी तपासलं नाही, तूही नाही. म्हणजे भार कुणीतरी वाहतंच, आपल्या नजरेआड वाहतं इतकंच. दुसरं, जहाज म्हणजे आपली सहल. पण कुणाची एसटी होती ती? या बेटांवरून कोचीला जायचं तर मुख्य आधार जहाजाचाच. कॉलेजला निघालेली पोरं, बाळंतपणासाठी निघालेली बाई, डोळ्यांच्या ऑपरेशनला निघालेला म्हातारा, सगळे त्याच जहाजांच्या भरवशावर. परतीच्या रात्री डेकवर चटई टाकून बसलेली माणसं तू पाहिलीस. मी त्यांतल्या एका मुलाला विचारलं, केबिन का नाही घेतली? तो म्हणाला, मिळाली असती तर घेतली असती. मी गुपचूप आपल्या केबिनमध्ये येऊन झोपलो. झोप लागली, हेही सांगतो.

तिसरी गोष्ट आपल्यातल्याच एकाची, नाव घेत नाही. स्नॉर्केलिंग करताना दमला आणि पोवळ्यावर उभा राहिला. दोन मिनिटं. खडक समजला तो. पण ती जिवंत वसाहत. त्या पोवळ्याच्या आसऱ्यानं बारके मासे राहतात. ते जिवंत पकडून, होडीतल्या पाण्याच्या हौदात ठेवून कोळी खोल समुद्रात नेतात. ट्यूनाचा थवा दिसला की मूठमूठ फेकतात, वरून पाण्याची फवारणी करतात, आणि थवा खवळला की काठीला बांधलेल्या गळानं एकेक मासा उचलून मागे टाकतात. जाळं नाही. मग तो ट्यूना, आपल्याकडचा कुपा, शिजवून, धुरावून, वाळवून त्याचा लाकडासारखा मासमीन करतात. आपला गडी ज्यावर उभा राहिला तो खडक नव्हता, कुणाच्या तरी पोटापाण्याच्या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं होतं.

हौशी : किती छान सांगितलंस! आता हेही सांग, तुला हे कुठे कळलं?

साशंक : बोटवाल्यानं सांगितलं. काचेच्या तळाच्या बोटीत.

हौशी : कधी? त्याच सहा तासांत ना? तू आयुष्यभर मासे खाल्लेस, पोवळं आणि कुपा यांचं नातं तुला दादरच्या मासळीबाजारात कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एक विचारते. परत आल्यावर तू ग्रंथालयातून कुठलं पुस्तक आणलंस?

साशंक : लीला दुबे यांचं लक्षद्वीपवरचं 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम'. १९६९चं आहे.

हौशी : बघ. लीलाबाई आपल्याच मराठी घरातल्या, माहेरच्या आंबर्डेकर, गायिका सुमती मुटाटकरांच्या बहीण. मानववंशशास्त्र शिकलेल्या आपल्याकडच्या माणसांना ते नाव पाठ असतं. ते पुस्तक इतकी वर्षं होतंच की कपाटात. तू कधी उघडलंस? कल्पेनीच्या वाळूत पाय भाजल्यावर. सहा तासांची भेट म्हणजे ज्ञान, असं मी म्हणतच नाही. ती अनुक्रमणिका आहे. अनुक्रमणिका वाचून 'पुस्तक वाचलं' म्हणणारा खोटा, हे कबूल. पण ती पाहिल्याशिवाय पुढे पान कोण उलटतो?

साशंक : तू मला माझ्याच शब्दांत पकडलंस. पण मग पुढचंही ऐक. त्या पुस्तकानं मला समाधान दिलं नाही, लाजवलं. कल्पेनीला गल्लीत एका दारात एक गृहस्थ उभे होते. मी हिंदीत विचारलं, हे तुमचं घर का? ते हसले, शेजारच्या बाईंकडे पाहून काहीतरी बोलले, त्याही हसल्या. मला वाटलं, भाषा कळली नसेल. पुस्तक वाचताना उजेड पडला. तिथली परंपरा अशी की घर आईच्या वंशाचं, तारवाडाचं. लग्न झालं तरी नवरा आपल्या आईच्या घरचाच राहायचा आणि रात्री बायकोच्या घरी यायचा. मुलं आईकडची. आणि ही माणसं कडवी धर्मनिष्ठ मुसलमान, शरियत मानणारी. वडिलांकडून येणारा धर्माचा वारसा आणि आईकडून येणारं घर, या दोन्हींचा मेळ शतकानुशतकं घालत आलेली. आता तिथे किती बदललंय, त्या गृहस्थांच्या घरी काय रीत आहे, मला ठाऊक नाही. पण मी एका वाक्यात किती गोष्टी गृहीत धरल्या होत्या! दारात पुरुष उभा, म्हणजे घर त्याचं. ते हसू मी पाहिलं होतं, पण ते कशाचं होतं ते दिसलं नव्हतं. मग सांग, मला कळलं ते त्या दिवसामुळे की पुस्तकामुळे? पुस्तक दादरला बसूनही वाचता आलं असतं.

हौशी : वाचता आलं असतं, पण तुझ्या मनात बसलं नसतं. 'तारवाड' हा शब्द तुझ्या दृष्टीनं परीक्षेतली व्याख्या राहिला असता. आता त्याला एक हसू चिकटलंय, आणि ते तुझ्यावरचं आहे. स्वतःवर हसलेलं माणूस विसरत नाही.

आणि मिनिकॉयचे ते म्हातारे खलाशी आठव. १८८५चं दीपगृह उतरून आलो, तेव्हा सावलीत बसले होते. त्या बेटाचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मालवाहू जहाजांवर जगभर फिरलेले. तू विचारलंस, मुंबई पाहिलीत का? ते आपल्या बंबईया हिंदीत म्हणाले, वीसदा तरी. जहाज लागलं की चार-पाच तासांची सुटी मिळायची. बॅलार्ड पिअरपासून भेंडी बाजारापर्यंतची मुंबई माझी, त्यापुढची तुमची. मला वाटलं, हा माणूस जन्मभर तेच करत आला जे आपण तीन दिवस केलं. बंदरात उतरायचं, भोंगा वाजायच्या आत परत यायचं. किनाऱ्यावरचा एक दिवस हा काही सहल कंपन्यांचा शोध नाही, दर्यावर्दी माणसाचा तो जुना हिस्सा आहे. त्या माणसाची चार तासांची मुंबई खोटी होती असं म्हणशील?

साशंक : नाही म्हणणार. पण तू त्यांचं वाक्य अर्धंच ऐकलंस. 'त्यापुढची तुमची' हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. वीसदा येऊनही 'मुंबई पाहिली' असं ते म्हणाले नाहीत, आपली हद्द भेंडी बाजाराशी आखली. तीनदा उतरून आपण अख्खं लक्षद्वीप खिशात घातलं. आणखी एक फरक आहे. ते कामावर होते. बंदरानं त्यांना घाम गाळायला बोलावलं होतं, सुटी त्या घामातली होती. आपल्याला कुणी बोलावलं? आपण पैसे भरले. पैसे भरून आलेल्या माणसाला आपली हद्द दिसत नाही, कारण त्याला वाटतं, तिकिटात सगळं आलं. माझं भांडण सहा तासांशी नाहीच, हे आता बोलता बोलता मलाही कळतंय. ते त्या 'पाहिलं'शी आहे.

हौशी : मग मीही खरं सांगते. मी लक्षद्वीप पाहायला गेलेच नव्हते. आपण आठ जण कॉलेजात असताना दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जायचो. मग नोकऱ्या, मुलं, आईबापांची आजारपणं. चाळीस वर्षांत आपण आठही जण एका जागी किती वेळा जमलो? दोन लग्नांत आणि एका तेराव्याला. आता एकीचा गुडघा बदललाय, एकाला रात्री गाडी चालवता येत नाही. जहाजातून हलत्या होडीत उतरताना खालच्या खलाशानं एक हात धरला होता आणि वरून तू दुसरा. मला त्या क्षणी बेट दिसत नव्हतं. तो हात कळत होता. चारला निघायचंय हे माहीत असल्यामुळे त्या दुपारी कुणी मोबाइलवर बातम्या पाहिल्या नाहीत, कुणी जमिनीच्या भावाबद्दल बोललं नाही. बांधलेल्या वेळेत माणूस मोकळा होतो. घरी जमलो की सगळ्यांना वाटतं, वेळ आहे, मग काहीच बोलणं होत नाही.

साशंक : याच्यापुढे बोलणं जड जातं. पण बोलायला हवं. एकमेकांनाच पाहायचं होतं तर दापोलीनं काय घोडं मारलं होतं? तुझ्या म्हणण्याचा अर्थ असा होतो की त्या लोकांचं बेट आपल्या मैत्रीमागचा पडदा झालं, फोटो स्टुडिओत डोंगर-धबधब्याचा असायचा तसा. आणि हा पडदा विरत चाललाय. बंगारमच्या प्रवाळवलयात परळी-१ नावाचं एक निर्मनुष्य बेट होतं. ते झिजून झिजून पाण्याखाली गेलं. समुद्र तापल्यानं १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली तिथली पोवळी पांढरी पडली. ही बेटं पोवळ्याच्याच चुऱ्याची आहेत, पाण्यावर जेमतेम पुरुष-दोन पुरुष उंच. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर जो दगडगोट्यांचा बांध आपण पाहिला, तो १८४७च्या वादळानं आणून टाकलेला. जिवंत प्रवाळभित्ती असते तोवर ती लाट अंगावर घेते. ती मेली की पुढच्या वादळाच्या आणि माणसांच्या मध्ये कोण? जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि अख्ख्या देशाला लक्षद्वीपला जायचंय. आपण त्या रांगेतलेच. अशा ठिकाणी पडदा म्हणून जाणं, आजारी माणसाच्या खोलीत वाढदिवस करण्यासारखं नाही का?

हौशी : आजारी माणसाला विचारलंस? कधी कधी त्यालाच वाटतं, खोलीत कुणीतरी हसावं. आणि त्या खोलीची औषधं कुठून येणार? खोबरं, काथ्या, मासळी, सरकारी नोकरी, एवढ्यावर बेट चालतं. बोटवाला काय म्हणाला? महिन्यातून आणखी दोन जहाजं आली तर धाकट्याला कोचीला शिकायला ठेवता येईल. त्याच्या तोंडावर तू सांगणार का, की आम्ही आता येणार नाही, आमच्या मनाला बरं वाटत नाही?

साशंक : आणि डेकवरचा मुलगा म्हणाला, जागा मिळाली असती तर घेतली असती. त्याला मी सांगू का, की तू चटईवर झोप, बोटवाल्याच्या मुलाची फी भरायचीय? गंमत बघ. तू बोटवाला निवडलास, मी चटईवरचा मुलगा. दोघंही तिथलेच, कदाचित एकाच गल्लीतले, कदाचित भाऊभाऊ. आपण दोघांनी आपापल्या सोयीचा साक्षीदार आणलाय.

हौशी : हे मात्र मला लागलं. सहलीत ओझरत्या भेटलेल्या दोन माणसांच्या नावानं आपण तासभर भांडतोय.

साशंक : म्हणून म्हणतो, प्रश्न किती तास राहिलो हा नाही, तिथी कुणी ठरवली हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या समितीनं हेच सांगितलं होतं, की बेटांवरचं जे काही करायचं ते तिथल्या लोकनियुक्त संस्थांना विचारून करा, बेटाला झेपेल तेवढंच करा. यजमानानं तिथी दिली आणि आपण पाळली, तर सहा तास पुष्कळ झाले. आपण तिथी ठरवली आणि यजमानानं ताटं मोजली, तर सहा मिनिटंही जास्तच.

हौशी : आणि यजमान एक नसला तर? बोटवाला म्हणेल या, मुलगा म्हणेल थांबा, तारवाडातली आजी म्हणेल, आधी पावसाळा जाऊ द्या, विहीर भरू द्या. गुहागरच्या घरातसुद्धा पाहुणा आला की आजोबा खूष आणि चुलीपाशी आजी गप्प, असं व्हायचं. ओटीवर बसलेल्याला चुलीपाशी काय चाललंय ते कधीच ऐकू येत नाही. पण म्हणून कुणी कुणाकडे जायचंच नाही असं ठरलं असतं, तर आपण दोघं आज जे बोलतोय तेही बोललो नसतो.

साशंक : त्या फोटोंखालचं वाक्य तेवढं बदल.

हौशी : 'ओटीवर बसून आलो' लिहू?

साशंक : लोक विचारतील, कुणी बसवलं?

हौशी : विचारू देत. बरं, गुडघेवालीनं फोन केला होता. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं म्हणतेय, आठही जण. परवान्यासाठी नावं द्यायचीत. तुझं घालू?

साशंक : आधी विचार, त्या फेरीला बेटावरून कोचीला जाणाऱ्यांना जागा पुरणार आहे का.

हौशी : विचारते की. पण कुणाला विचारू?